विल्गाची सात फाटकं

विल्गा, ३ मे १९९३

प्रिय ऊना,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायचं नाही, कारण विल्फ पलीकडच्याच खोलीत बसलाय. म्हणून पत्र.

तुझ्या भावाची गाडी बंद पडली. म्हणजे गाडी ठणठणीत आहे, भाऊच बंद पडलाय. बुंडारीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध डाग आहेत. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डाग वाढतील, कमी व्हायचे नाहीत. आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. विल्फ म्हणाला, "घरी जाईपर्यंत तरी?" डॉक्टर म्हणाले, "बाई चालवतील की." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. बाईंकडे लायसन्स नाही, हे बाईंना सांगावं लागलं. शेवटी शेजारच्या रानातल्या नोलीनला फोन करून बोलावलं, तिने आम्हाला घरी आणलं.

तुला वाटेल, त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत ही करत काय होती. अगं, पाण्याचा ट्रक मी चालवते, चाऱ्याची पिकअप मीच चालवते. पण आपल्या रानात लायसन्स विचारणार कोण, मेंढ्या? गावाला जायचं असलं की विल्फ चालवायचा आणि मी शेजारी बसून फाटकं उघडायची. घरापासून रस्त्यापर्यंतची सात फाटकं तुला आठवत असतीलच. शेजारी बसेल त्याने उतरायचं, उघडायचं, गाडी पुढे गेली की लावायचं आणि पुन्हा चढायचं. चाळीस वर्षं हेच केलं. उन्हात केलं, कडाक्याच्या थंडीत केलं, ग्रँट पोटात असताना आठव्या महिन्यातही केलं. विल्फ एकदाही उतरला नाही. त्याला बोल लावत नाही, चालवणारा उतरत नाही हा इथला कायदाच आहे.

आता खरी गोष्ट. ग्रँट ॲडलेडहून येऊन गेला. त्याच्या घरामागे दोन खोल्या बांधून तयार आहेत. रान विकायचं आणि आम्ही तिकडे जाऊन राहायचं, असं त्याच्या मनात आहे. तो वाईट बोलला नाही गं. म्हणाला, "आई, गाव नव्वद किलोमीटर लांब. एकाला दिसत नाही, दुसरीला रस्त्यावर गाडी काढता येत नाही. बाबांच्या छातीत दुखलं तर काय करशील?"  मी म्हणाले, मी लायसन्स काढते. तो हसला. मग म्हणाला, "ऑगस्टअखेर काढलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही." विल्फ खिडकीतून बाहेर बघत बसला होता, म्हणजे बघायचा प्रयत्न करत होता.

लेखी परीक्षा मी गेल्या आठवड्यात दिली, पास झाले. आता गाडी चालवून दाखवायची. तू पन्नाशीत होबार्टला लायसन्स काढलंस. काय केलंस ते सगळं लिही.

तुझी डल्सी

*

होबार्ट, १४ मे

प्रिय डल्सी,

पत्र वाचून रडले, मग नाक पुसून कामाला लागले. हे घे.

परीक्षकांना दोन गोष्टी खपत नाहीत, घाई आणि बडबड. घाई तुझ्या स्वभावात नाही. बडबडीचं तू बघ.

आरशात बघायचं. निघायच्या आधी बघायचं, वळायच्या आधी बघायचं, थांबायच्या आधीही बघायचं. नुसते डोळे फिरवू नकोस, मान हलव. तू बघितलंस हे त्याला दिसलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला घाबरू नकोस. तो परीक्षक आहे हे विसरून जा. शेजारी विल्फ बसलाय असं समज आणि विल्फबरोबर वागशील तशीच वाग. मी माझ्या हॅरल्डला मनात आणलं होतं. त्या गृहस्थाला "कोपर आत घे" असंही म्हणाले, तरी पास झाले.

विल्फ कसा आहे? तो नवव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवतोय. बाबांनी एकदा त्याला त्यावरून उतरवलं तर दोन दिवस जेवला नव्हता. तू त्याच्याबद्दल फार थोडं लिहिलंयस, ते मला आवडलं नाही.

तुझी ऊना

*

विल्गा, ६ जून

प्रिय ऊना,

नोलीन दर गुरुवारी येते, माझ्या शेजारी बसते आणि डोळे मिटून घेते. मी वाईट चालवत नाही असं तिचं म्हणणं आहे, फक्त रस्त्यालाही मी कुरण समजते. खड्डा आला की मला वाटेल तिकडून गाडी घालते. रस्त्याला डावी बाजू असते, हे तिने मला अनेकदा सांगितलंय.

आरशाचं मात्र जमत नाही. माझ्या मागे जन्मभर धुरळ्याशिवाय काही नव्हतं. आरसा मी गावात पोचल्यावर केस नीट करायला वापरला. त्यात मान हलवून बघायचं काय?

दुसरी भानगड बोटाची. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हे तुला सांगायला नको. नाही उचललं तर दुसऱ्या दिवशी अख्खी पंचक्रोशी विचारते, डल्सीचं काय बिनसलंय. नोलीन म्हणते, परीक्षेत त्याचे गुण कापतात. तिने माझ्या बोटाला चिकटपट्टी लावलीय, आठवण राहावी म्हणून. परवा समोरून टपालगाडी आली तर मी चिकटपट्टीचं बोट उचललं.

गाडी मागे घेऊन दोन पिंपांच्या मधे लावायची, याचा सराव शेडमागे चाललाय. एक पिंप चेपलं. टिंकर कुत्रा आता तिकडे बसत नाही.

पण एक सांगू? नोलीन शेजारी असते तेव्हा फाटकं ती उघडते. मी बसून राहते. हात मांडीवर ठेवून, इंजिनाची घरघर ऐकत नुसती बसून राहते. ऊना, यात इतकं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

विल्फचं विचारलंस. तो बोलत नाही. सकाळी लापशी खाल्ली की टोपी घालतो, काठी घेतो आणि टिंकरला घेऊन रस्त्याच्या दिशेने चालायला लागतो. जेवायलाच परत येतो. हातांवर ओरखडे असतात, एक दिवस रक्त होतं. मी विचारलं, "कुठे गेला होतास?" म्हणाला, "चालायला." "आणि हाताला काय झालं?" तर म्हणे, "हात आहे, लागतं." गुरुवारी आम्ही गाडी घेऊन निघतो तेव्हा तो तिसऱ्या फाटकाशी झाडाखाली बसलेला असतो, तोंड दुसरीकडे करून. शिकवणी कशी झाली, असं एका शब्दाने विचारत नाही. बायको चालवणार आणि आपण बसणार, हे त्याला लागलंय, दुसरं काय असणार? विचारायला मला धीर होत नाही.

परीक्षा सात जुलैला. परीक्षक महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी शहरातून येतो. या वर्षी कुणी नवीन आहे म्हणतात, फरूजिया नावाचा.

तुझी डल्सी

*

होबार्ट, १६ जून

प्रिय डल्सी,

ओरखड्यांचं वाचल्यापासून मला चैन नाही. न दिसणारा माणूस एकटा रानात भटकतो आणि रक्ताळलेले हात घेऊन घरी येतो, याचा अर्थ तो पडतोय. तारेच्या कुंपणात, काट्यांत कुठेतरी पडतोय आणि तुला सांगत नाही. लहानपणी हात मोडला तेव्हाही तीन दिवस लपवला होता त्याने. त्याला घरात बसव.

परीक्षेचं माझं सांगणं तेच. शेजारी विल्फ आहे असं समज.

ऊना

*

विल्गा, ८ जुलै

प्रिय ऊना,

नापास झाले. आणि अर्धी तुझ्यामुळे, म्हणून तुला सगळं ऐकावं लागेल.

फरूजिया तिशीचा असेल. पातळ तळव्याचे काळे बूट, मांडीवर फळी, फळीवर कागद. मी तुझं ऐकून तोंड बंद ठेवलं. मुख्य रस्त्यावरून नीट गेले. दवाखान्याकडे वळताना मान हलवून आरशात बघितलं. बँकेसमोर गाडी मागे घेऊन अशी लावली की नोलीनने टाळ्या वाजवल्या असत्या. मनात म्हटलं, डल्सी, झालं.

मग त्याने मेंढीबाजारामागच्या गल्लीत वळायला सांगितलं. त्या गल्लीला मधोमध फाटक आहे, एरवी उघडंच असतं. काल बाजाराचा दिवस, त्यामुळे बंद होतं. मी फाटकासमोर थांबले, हँडब्रेक ओढला, हात मांडीवर ठेवले. तो बसून राहिला. मीही बसून राहिले.

"पुढे चला," तो म्हणाला.

"फाटक आहे."

"ते मला दिसतंय."

"मग उतर की बाळा. साखळी नुसती अडकवलेली आहे."

ऊना, त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पण मी काय चुकीचं बोलले? शेजारी विल्फ आहे असं समजायचं होतं ना? चालवणारी मी, शेजारचा तो. चाळीस वर्षं मी उतरले, आता दुसरं कुणीतरी उतरायची पाळी होती. उतरला बिचारा. साखळीशी बराच वेळ झटापट केली, उघडलं. मी गाडी पलीकडे नेऊन थांबवली. तो येऊन बसला आणि पट्टा लावला.

"लावलंस का?" मी विचारलं.

"काय?"

"फाटक."

"आपण तर पुढे आलोय," तो म्हणाला.

आरशात बघ, आरशात बघ म्हणून तू माझे कान किटवलेस ना? मी बघितलं. आरशात मेंढ्या होत्या. उघड्या फाटकातून पन्नासेक मेंढ्या गल्लीत आलेल्या, आणि पुढची तर मुख्य रस्त्याकडे तोंड करून उभी. मी कधी दार उघडलं आणि कधी उतरले, मला आठवत नाही. हातातली पर्स हलवत हलवत सगळ्या परत आत घातल्या, फाटक लावलं, साखळी अडकवली. परत आले तर तो लिहीत होता.

"परीक्षा चालू असताना चालक इंजिन सुरू ठेवून गाडीतून उतरला," त्याने वाचून दाखवलं. "याला सरळ नापास करावं लागतं. मला वाईट वाटतंय."

"आणि फाटक उघडं टाकणं?"

"ते या कागदावर नाही."

 शहरातल्या कागदावर फाटक नसतंच.

परीक्षा जिथून सुरू होते त्या गावच्या सभागृहाबाहेर विल्फ बाकावर बसला होता. मी सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. म्हणाला, "तू उतरलीस हे बरोबर केलंस." एवढंच. घरी येताना नोलीनने गाडी चालवली आणि सातही फाटकं मी उघडली, पूर्वीसारखी.

रात्री ग्रँटचा फोन आला. तो नुसतं "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. रान बघायला एक दलाल एक सप्टेंबरला येणार आहे, त्याने आधीच ठरवून टाकलंय.

आता एकच संधी उरलीय, चार ऑगस्ट.

डल्सी

*

होबार्ट, १७ जुलै

प्रिय डल्सी,

मेंढ्यांचं वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग हसू ओसरलं आणि तुझं ते शेवटचं वाक्य राहिलं.

आता मी बोलणार आहे ते तुला आवडणार नाही. ग्रँटचं मला पत्र आलं. तो म्हणतो, आत्या, तू सांगितलंस तर आई ऐकेल. मी चार दिवस विचार केला. तुझा हट्ट मला समजतो, पण हट्ट तुझा आहे आणि तो बोलत नाही. सकाळ झाली की घरातून निघून जातो, रक्ताळलेल्या हातांनी येतो. माणसाला कुठेतरी राहायचं असतं म्हणजे तो असा वागतो का? मला वाटतं, त्याने मनातून घर सोडलंय. फक्त तुला सांगायचा धीर त्याला होत नाही. शहरात निदान रस्त्याला कठडे असतात, हाकेला माणूस असतो. जा डल्सी. हरलीस असं कुणी म्हणणार नाही.

तुझीच ऊना

*

विल्गा, २६ जुलै

ऊना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आला, कारण पहिल्यांदा वाचताना तुझं पटलं होतं.

काल मी त्याला सरळ विचारलं. म्हटलं, "विल्फ, तुला जायचंय का ॲडलेडला?" तो बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "तुझी परीक्षा कधी आहे?" मी म्हटलं, चार तारखेला. तो म्हणाला, "मग चार तारखेला बोलू." आणि टोपी घालून निघून गेला. त्याच्या मागे जावं असं मनात आलं होतं. दारापर्यंत गेलेही. पण चाळीस वर्षांत मी त्याच्यावर पाळत ठेवली नाही, ती आता दिसत नाही म्हणून ठेवायची का? परत येऊन पिंपांच्या मधे गाडी लावत बसले.

मला भीती वाटते गं. नापास होण्याची वाटते आणि पास होण्याचीही. मी पास झाले आणि त्याला इथे राहायचंच नसेल, तर त्या लायसन्सचं मी काय करू?

डल्सी

*

विल्गा, ५ ऑगस्ट

माझ्या लाडक्या ऊना,

पास झाले. खुर्चीत बस आणि शांतपणे वाच, कारण पुढे आणखी आहे.

परवा रात्री दहिवर गोठलं होतं, सकाळी गाडीची काच खरवडावी लागली. या वेळी शेजारी विल्फ आहे असं समजायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. शेजारी एक परका मनुष्य आहे, त्याला काहीही येत नाही, त्याच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवायची नाही. फाटक आलं तर इंजिन बंद करायचं, परवानगी मागायची आणि आपण उतरायचं. हे मी वाटेत नोलीनला पाठ म्हणून दाखवलं.

फरूजिया आला. मी खाली बघितलं तर पायात जाड तळव्याचे बूट, आणि तेही मळलेले.

सगळं नीट चाललं होतं. खाटकाच्या दुकानासमोर खाटकाचीच गाडी समोरून आली आणि माझं बोट वर गेलं. चिकटपट्टीसकट. फरूजियाने कागदावर खूण केली. मग तीच गल्ली, तेच फाटक, आणि कालही बाजाराचा दिवस. फाटक बंद. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मी किल्लीला हात लावणार, तेवढ्यात त्याने पेन खिशात ठेवलं.

"इंजिन चालू राहू द्या," तो म्हणाला. "मी उतरतो."

उतरला. साखळी एका झटक्यात काढली, फाटक धरून उभा राहिला, मी पलीकडे गेले. मी आरशात बघितलं. तो फाटक लावत होता. साखळी अडकवली आणि लागली का ते हलवून बघितलं. येऊन बसला, पट्टा लावला. 

सभागृहात पोचल्यावर त्याने कागद दिला. बोटाचे दोन गुण गेले होते, बाकी सगळं ठीक. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात तुम्ही गेल्यावर त्या मेंढ्यांच्या मालकाने मला गाठलं होतं. माझ्या आईनेसुद्धा मला इतकं कधी सुनावलं नव्हतं." मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तिथे सगळ्यांसमोर, त्या मुलाच्या कोटाची बाही धरून रडले. लाज वाटली नाही. तीन महिने छातीवर जे बसलं होतं ते उतरलं. मोकळा श्वास काय असतो, ते मी विसरूनच गेले होते.

विल्फ बाहेर बाकावर होता. "काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पास. तो "बरं" म्हणाला. मग उठला आणि सवयीने चालकाच्या दाराशी गेला. हात कडीवर ठेवला आणि थांबला. ऊना, तेवढा वेळ मला फार जड गेला. मग बॉनेटवर हात टेकत टेकत तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. नोलीन बहिणीकडे राहणार होती. गाडीत आम्ही दोघंच होतो.

 नव्वद किलोमीटर मी रस्ता सोडून कशाकडेही बघितलं नाही. डांबरी संपली, पहिलं फाटक आलं. मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

"कुठे चाललीस?" तो म्हणाला.

"फाटक उघडायला."

"बस जागेवर. चालवणारा उतरत नाही."

"अरे, तुला दिसत नाही."

"फाटक दिसावं लागत नाही," म्हणाला आणि उतरला.

आपल्या सातही फाटकांच्या कड्या वेगळ्या आहेत, तुला ठाऊक आहे. पहिल्याला साखळी, दुसऱ्याला आकडा, चौथं तर नुसतं तारेचं, दांडा ताणून फासात अडकवायचं, त्यात माझीसुद्धा बोटं सोलायची. विल्फने चाळीस वर्षं ती फाटकं फक्त काचेतून पाहिली. एकाही कडीला त्याचा हात लागलेला नव्हता. आणि काल त्याने न बघता, तोंड आकाशाकडे करून, नुसत्या बोटांनी एकेक कडी काढली. तेव्हा मला ते ओरखडे समजले. रोज सकाळी लापशी खाऊन तो फाटकं शिकायला जात होता गं. मी स्टिअरिंगमागे बसायचं शिकत होते आणि तो शेजारी बसायचं शिकत होता. तो कुठे पडत नव्हता, आणि त्याने घरही सोडलं नव्हतं. आपण दोघी किती शहाण्या ते बघ.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू पुन्हा नापास झाली असतीस, तर फाटकं शिकल्याचं काय सांगायचं होतं?" तो म्हणाला.

चौथ्या फाटकाला त्याला वेळ लागला. तारेचा फास हाताला लागेना. दोनदा दांडा सुटला, एकदा त्याने शिवी घातली. मी दाराच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. बसून राहिले. या वेळचं बसणं नोलीनबरोबरच्या बसण्यासारखं सोपं नव्हतं. शेवटी निघालं. मी गाडी पलीकडे नेली, थांबवली आणि मान हलवून आरशात बघितलं, तू सांगितलंस तसं. धुरळा खाली बसत होता. त्यातून विल्फ दिसला. टोपी मागे सरकलेली, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताने फास चाचपतोय. टिंकर घरून तिथवर येऊन त्याच्या पायाशी उभा होता. फास बसला. त्याने तो हलवून बघितला, मग कुंपणाच्या तारेला हात लावत गाडीकडे यायला लागला. तो दाराशी येईपर्यंत मी आरशातून नजर काढली नाही.

आत बसल्यावर धापा टाकत म्हणाला, "ग्रँटला सांग, दलालाला पाठवू नकोस म्हणावं. आणि आता निघ, अजून तीन आहेत."

तुझी डल्सी